गोष्ट आपल्या तोंडून सांगा

लोणंद आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या आईवडिलांना, आजी-आजोबांना एक विनंती आहे. रोज रात्री जेवणं आटोपली की घरातल्या लहान मुलाला एक गोष्ट सांगा. मोबाईलवर लावून द्यायची नाही, स्वतःच्या तोंडानं सांगायची. दहा मिनिटांची असली तरी चालेल, कालचीच असली तरी चालेल, अर्धी राहिली तरी चालेल. सांगणारा माणूस समोर बसलेला हवा आणि त्याचं लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे हवं.

मोबाईल आपल्या घरातल्या लहानग्यांपर्यंत पोचला तो बहुतेक जेवणाच्या ताटावरून. मूल घास घेत नाही, आईची पुढची कामं खोळंबलेली, वडिलांची कंपनीतली पाळी. अशा वेळी पडद्यावर चित्र हललं की तोंड उघडतं आणि वाटी रिकामी होते. पूर्वी हे काम चिऊकाऊच्या घासानं व्हायचं. दर घासाला आई नवं पाखरू आणायची, खिडकीतल्या मांजराला गोष्टीत ओढायची, आणि मुलानं मान फिरवली की थांबायची. पोट भरल्याचं मुलाला कळायचं आणि आईलाही कळायचं. पुढं २०२० साली कोविड आला, शाळाच मोबाईलवर भरायला लागली, आणि ज्या घरांनी तोवर मोबाईल मुलांपासून लांब ठेवला होता त्यांनाही तो हातात द्यावा लागला. शाळा उघडल्या, मोबाईल मात्र मुलांच्या हातातच राहिला. यात कुणा आईबापाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण आता पुढं काय करायचं, हे ठरवणं आपल्याच हातात आहे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात एका गावानं ते ठरवलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. १५ ऑगस्ट २०२२ च्या आदल्या दिवशी गावाच्या बैठकीत निर्णय जाहीर झाला: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतील, ते साडेआठपर्यंत बंद राहतील. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली होती. मग बायकांना एकत्र बसवलं. आपणही मालिकांपुढं फार वेळ बसतो, हे त्यांनी मोकळेपणी मान्य केलं आणि सगळ्या गावानंच काही वेळ हे बंद करावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यानंतर भोंगा बसला. सुरुवातीचे दिवस माणसांनी घरोघर फिरून आठवण करून दिली. त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसू लागली, घरातली माणसं एकमेकांशी बोलू लागली.

मला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती बायकांची ती बैठक. मुलाच्या हातातला मोबाईल काढून घ्यायचा आणि आपण मात्र रील बघत बसायचं, हे मुलं एक दिवसही मानत नाहीत. वडगावानं आधी मोठ्यांचे पडदे बंद केले.

लोणंदला तसा भोंगा चालेल असं मला वाटत नाही. आपलं गाव बाजारपेठेचं. कांद्याच्या गाड्या रात्री-अपरात्री येतात, औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्या चालतात, स्टेशनवर उतरणारा माणूस नऊला घरी पोचतो. सगळ्या गावाची एक वेळ जमायची नाही. घराची मात्र जमते. रात्रपाळी असेल त्या घरानं सकाळी शाळेच्या आधीची वेळ धरावी. आडतीवर बसणाऱ्यानं बाजार नसलेला दिवस धरावा. रोज शक्य नसेल तर आठवड्यातले तीन दिवस, पण तेच तीन दिवस. वेळ ठरलेली असली की मूल तिची वाट बघतं.

आता कुणी विचारेल, मोबाईलवरही गोष्टीच असतात की. चांगल्या असतात, चित्रं छान असतात, आवाज आपल्यापेक्षा गोड असतो. मग आम्ही कशाला?

अमेरिकेतल्या सिएटल इथं पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरातल्या या बाळांना महिनाभरात बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकं वाचून दाखवली, खेळणी दाखवत बोलली. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं. ज्यांच्यापुढं माणूस बसला होता त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखता येऊ लागले, तैवानमधल्या बाळांच्या बरोबरीनं. पडद्यावाल्या आणि नुसतं ऐकणाऱ्या बाळांना त्यातलं काहीच आलं नाही. माणसं तीच, बोलणं तेच, वेळ तेवढाच. फरक होता तो समोर असण्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं, तेही याच दिशेचं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, आणि मूल बसून असेल तेव्हा मोठ्या माणसानं त्याला वाचून दाखवावं, गोष्ट सांगावी. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळजवळ हाच आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, लांबच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणं तेवढं चालेल.

समोर बसून सांगताना काय होतं, ते आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीवरून बघा. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो. तुम्ही ती म्हातारी लोणंदहून फलटणला पाठवा. तरडगावच्या अलीकडे कोल्हा भेटू द्या. लगेच मूल विचारेल, म्हातारी एसटीनं का नाही गेली? आता तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. एसटी चुकली म्हणा, नाहीतर तेव्हा एसटी नव्हती म्हणा, नाहीतर त्यालाच विचारा. त्या उत्तरानं गोष्ट वळण घेईल आणि वळवणारं मूल असेल. वाघ आला की त्याचे डोळे मोठे झाले तर तुम्ही आवाज खाली आणाल, वाघाला जरा लांब उभा कराल. धाकटा फारच घाबरला तर वाघाला तहान लागेल आणि तो नीरेवर पाणी प्यायला निघून जाईल. पडद्यावरचा वाघ कुणासाठी थांबत नाही. तो घाबरलेल्या मुलालाही तसाच दिसतो आणि कंटाळलेल्यालाही तसाच.

चित्रांचं वैर करायचं कारण नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रं दाखवूनच कथा सांगत आले. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण चित्रकथीत चित्र एका जागी थांबतं आणि सांगणाऱ्याचा आवाज पुढं जातो. रामरावणांचं युद्ध ऐकणाऱ्याच्या डोक्यात होतं. मुलाच्या डोक्याला हे काम मिळालं पाहिजे. सगळंच हलून-बोलून तयार मिळालं तर ते करणार काय?

‘मला गोष्टी येतच नाहीत’ असं म्हणणारे फार भेटतात, आणि ते खरंच मनापासून म्हणत असतात. त्यांच्यासाठी साने गुरुजींची आठवण काढतो. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो आणि गावातली माणसंही ऐकायला येऊन बसतात. आणि त्या आठवणीत आहे काय? आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून दगडावर लुगड्याचे ओचे पसरणारी आई. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला शिंपटीनं मारत विहिरीवर धाडणारी आई. राजा नाही, राक्षस नाही. कोकणातल्या एका गरीब घरात घडलेल्या साध्या गोष्टी आहेत. त्यावर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला पुढं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. गुरुजी गेल्यावर त्यांच्या माणसांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली, ती मुलांना गोष्टी सांगण्यासाठीच.

आपल्याकडं असा साठा कमी आहे का? पासष्टी ओलांडलेल्या कुणालाही ११ डिसेंबर १९६७ ची पहाट विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरातली भांडी कशी वाजली, कुणी कुणाला उचलून अंगणात आणलं, त्यानंतर किती रात्री माणसं बाहेर झोपली, हे जिल्ह्यातल्या घराघरात कुणी ना कुणी सांगेल. बहात्तरचा दुष्काळ तर आणखी जवळचा. मिलोची लाल भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी, खडी फोडायला गेलेली आजी. हे ऐकून आजचं मूल ताटात टाकायच्या भाकरीबद्दल काय विचार करील, तो त्याचा त्यालाच करू द्या. मीटरगेजच्या गाडीतून मिरजेला केलेला पहिला प्रवास, मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या धनगराला जंगलात आलेला अनुभव, कांद्याचा भाव पडला त्या वर्षी घरात काय झालं, हमालीच्या पैशातून बहिणीचं लग्न कसं निभावलं. या सगळ्या गोष्टी आहेत. घरचं सांगताना संकोच वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की आपला बाप लहानपणी एकदा बाजारात हरवला होता, या गोष्टीपुढं मुलाला कुठलाही राजपुत्र फिका वाटतो.

आणि पालखी. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवसांत आपल्या ओट्यांवर, पडव्यांत महाराष्ट्रभरची माणसं उतरतात. त्यांना आपण पाणी देतो, जेवू घालतो, पाय चेपायला तेल देतो. त्यांच्याकडून एक मागून घ्यायचं राहून जातं. परभणीच्या, लातूरच्या एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याला मुलांसमोर बसवा आणि म्हणा, बाबा, तुमच्या गावची एक गोष्ट सांगा. तळावरच्या कीर्तनालाही मुलांना मांडीवर घेऊन बसा. कीर्तनकार अभंग सोडवता सोडवता मध्येच दृष्टांत घेतो, एखाद्या संताची हकिकत लावतो आणि दमलेली माणसं ताठ होऊन ऐकू लागतात. मूल अर्ध्यात झोपलं तरी हरकत नाही. हैबतबाबांनी हा सोहळा आजच्या रूपात उभा केला आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, हेही जाता जाता सांगा.

एक गोष्ट माझ्या मनाला लागते, ती बोलून टाकतो. सावित्रीबाई फुले आपल्या तालुक्यातल्या. ३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्मल्या. दर वर्षी ३ जानेवारीला आपल्या मुली लुगडं नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून भाषण करतात. भाषण पाठ असतं, साल बरोबर असतं, टाळ्या पडतात. पण त्याच मुलीला घरी विचारा, सावित्री लहानपणी कुठं खेळली असेल, लग्न होऊन पुण्याला जाताना वाटेत काय बघितलं असेल, शाळेत शिकवायला निघाल्यावर लोक शेण आणि चिखल फेकायचे तेव्हा त्या काय करायच्या? पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या, हे रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलं तर ती मुलगी बराच वेळ जागी राहील. भाषणानं असं होत नाही. नायगाव जवळ आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जा आणि गोष्ट तिथंच सांगा.

सातारा-सांगलीच्या या पट्ट्याला सांगणाऱ्या माणसांचा तोटा कधीच नव्हता. बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या वतीनं ओव्या, गाणी, कहाण्या गोळा करून खंडामागून खंड काढले. त्यातलं कितीतरी लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या तोंडून आलेलं होतं. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांच्या जोडीला शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार, असे तिघं कथाकथनाला बसले की सभागृहं भरून जायची. मोठी माणसं तिकीट काढून नुसती गोष्ट ऐकायला यायची. ऐकण्याची ती भूक मुलांत आजही आहे. सांगणारे आपण कमी झालो.

सांगायचं कसं, याबद्दल थोडं. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न आला की मुलाला कळतं, ही शाळाच होती. नाटकी आवाज काढायची गरज नाही, रोज बोलता तसंच बोला. आपल्या बोलीत सांगा. पुस्तकातली भाषा तोंडात बसत नसेल तर ती बाजूला ठेवा. मूल तीच गोष्ट पुन्हा मागेल, आणखी पुन्हा मागेल, आणि तुम्ही एखादा शब्द बदलला तर अडवेल. कंटाळू नका. ते ती गोष्ट आपलीशी करत असतं. गोष्ट सांगतानाचा व्हिडिओ मात्र काढू नका, आणि दुसऱ्या कुणाला काढू देऊ नका. मोबाईल समोर धरला की सांगणारा त्याच्याकडं बोलू लागतो आणि मूल नटू लागतं.

गोष्टी शोधायला मोबाईल जरूर वापरा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली मुलांची पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. मुलं झोपल्यावर एखादी वाचा, दुसऱ्या दिवशी मोबाईल ठेवून आपल्या शब्दांत सांगा. पुस्तकांची आवड असेल तर महाबळेश्वराजवळचं भिलार गाठा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं.

सुरुवातीचे काही दिवस अवघड जातील, हे आधीच सांगून ठेवतो. ज्या मुलाला दर दोन सेकंदांनी नवं चित्र बघायची सवय लागली आहे, ते तुमच्या पहिल्या वाक्यानंतर उठून जाईल, रडेल, मोबाईल मागेल. रागावू नका. हाताला काम द्या: भुईमुगाच्या शेंगा फोडायला, लसूण सोलायला बसवा, आणि सोलता सोलता सांगा. गोष्ट छोटी ठेवा, तिच्यात त्याचं नाव घाला. ते निघून गेलं तरी घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगत राहा, मूल दाराआडून ऐकेल.

आपल्या गावात कामासाठी बाहेरून आलेली बरीच घरं आहेत. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी भोजपुरी, कुणी ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेलं. त्यांच्या आईवडिलांना सांगा की गोष्ट त्यांच्या भाषेतच सांगा, मराठी मूल शाळेत शिकेलच. आणि शेजारी म्हणून आपल्या ओट्यावर गोष्ट चालू असेल तेव्हा त्या मुलांनाही हाक मारा.

एक गोष्ट घराबाहेरही करता येईल. रविवारी सकाळी तासभर, शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात किंवा वाचनालयात मुलं गोळा करावीत आणि गावातल्या एकानं येऊन गोष्ट सांगावी. माईक नको, स्टेज नको, पाहुण्यांचा सत्कार नको. वीस-पंचवीस मुलं, जेवढी आवाजाच्या टप्प्यात बसतील तेवढीच. एका रविवारी रेल्वेतून निवृत्त झालेले काका, एका रविवारी अंगणवाडीच्या ताई, एकदा मेंढपाळ, एकदा बाजार समितीतले जुने मापाडी. निवृत्त शिक्षकांनी आणि ज्येष्ठ नागरिकांनी यादी करायचं काम अंगावर घ्यावं. पालखीच्या आधीचा महिना तयारीला चांगला, दिवाळीची सुट्टी सुरुवातीला आणखी चांगली.

मुलं दहा-अकरा वर्षांची झाली की ‘आता मी मोठा झालो’ म्हणून गोष्टीतून उठू लागतात. त्यांना अडवू नका, त्यांना सांगायला बसवा. थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला, सातवीतल्या मुलानं शेजारच्या बालवाडीतल्या पोराला. ती विसरतील, मधलंच आधी सांगतील, म्हातारीला फलटणऐवजी पुण्याला नेतील. तुम्ही जवळच काम करत असाल तरी मध्ये दुरुस्त करू नका.